फासावरचा पुतळा: लाँग बीच, डिसेंबर १९७६

मनोरंजन उद्यानात चित्रीकरण करायला युनिट सहसा एका पायावर तयार असतं, कारण सेट आयता मिळतो. पाळणे, वाकडे आरसे, भुताची घरं, भडक दिवे, सगळं मालकानं आधीच उभं करून ठेवलेलं असतं. कला विभागाच्या वाट्याला उभारण्यापेक्षा हलवण्याचंच काम जास्त येतं. फ्रेममध्ये नको ते बाजूला सारायचं, हवं ते पुढे ओढायचं आणि पॅक-अप झालं की जिथली वस्तू तिथे ठेवून निघायचं. पुढचं सगळं प्रकरण अशाच एका हलवाहलवीतून निघालं.

८ डिसेंबर १९७६. ठिकाण, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचं 'द पाइक'. १९०२ साली समुद्रकिनाऱ्यावर सुरू झालेलं हे उद्यान तोवर पार उतरणीला लागलं होतं. त्याची शान असलेला 'सायक्लोन रेसर' हा लाकडी रोलर कोस्टर १९६८ मध्येच जमीनदोस्त झाला होता. उरलं होतं ते थोडं रंग उडालेलं, थोडं गंजलेलं, म्हणजे हेरगिरीच्या कथेला अगदी शोभणारं. 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन' या गाजलेल्या मालिकेच्या 'कार्निव्हल ऑफ स्पाइज' या भागासाठी युनिट तिथे आलं होतं. ली मेजर्सनं साकारलेला, यांत्रिक हातपाय बसवलेला अंतराळवीर हा मालिकेचा नायक. 'लाफ इन द डार्क' नावाच्या राइडमध्ये त्या दिवशीचं काम होतं. अंधारातून रुळांवरून छोटी गाडी जाते आणि वळणावळणावर काहीतरी अंगावर येतं, अशी ती राइड.

तिथल्या एका कोपऱ्यात फासाला लटकवलेला एक पुतळा होता. हाडकुळा, उघडा, अंधारात चमकावा म्हणून प्रकाशमान रंग फासलेला. दृश्याची मांडणी करताना कला विभागातल्या एकानं तो सरकवायला हात घातला आणि पुतळ्याचा हात निखळून आला.

मेणाचा हात तुटला तर आत मेण दिसतं, फार तर एखादी तार किंवा लाकडी काठी. इथे तुटल्या जागी हाड होतं आणि हाडाला वाळलेले स्नायू चिकटलेले होते. चित्रीकरण तिथेच राहिलं, पोलीस आले आणि 'पुतळा' लॉस एंजेलिस काउंटीच्या कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात गेला. या कार्यालयाचे प्रमुख तेव्हा डॉ. थॉमस नोगुची होते. मेरिलिन मन्रो आणि रॉबर्ट केनेडी यांची शवविच्छेदनं करणारे तेच. त्यांच्या कार्यालयाला नामांकित मृतदेहांची सवय होती. हा मात्र बेनामी होता, आणि तोही रंगवलेला.

हा किस्सा सहसा इथेच, 'पुतळा निघाला खरा माणूस' असं म्हणून संपवतात. माझ्या मते खरा अभ्यासाचा भाग पुढे आहे. एक मृतदेह साठ-पासष्ट वर्षं हजारो लोकांसमोर राहतो आणि तरी हरवतो, हे घडतं कसं? आणि नाव पुसलं गेलेल्या देहाला नाव परत मिळतं कसं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच साखळीत सापडतात. ती एकदा पुढून वाचावी लागते आणि एकदा मागून.

टेबलावर

९ डिसेंबरला डॉ. जोसेफ चोई यांनी शवविच्छेदन केलं. प्रौढ पुरुष, उंची साधारण १६० सेंटिमीटर, वजन जेमतेम २३ किलो. शरीर पूर्ण वाळलेलं. डोक्याच्या बाजूला आणि मागे थोडे केस शिल्लक. कान नाहीत, हातापायाची काही बोटं नाहीत. छातीत गोळीची जखम. अंगावर जुन्या चिरांच्या खुणा, म्हणजे याचं एकदा शवविच्छेदन आणि मसालालेपन आधीच झालेलं. फुप्फुसांत क्षयाचे डाग. आणि ऊतींमध्ये भरमसाट आर्सेनिक.

आर्सेनिकचा अर्थ दोन प्रकारे लागू शकतो. एखाद्याला वाटेल विषप्रयोग झाला. पण एवढं प्रमाण पोटातून जात नाही, ते शिरांमधून भरलं जातं. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळापासून मृतदेह टिकवण्यासाठी आर्सेनिकचं द्रावण सर्रास वापरायचे. ते जंतूंना जगू देत नाही आणि उडूनही जात नाही. त्यामुळे देह कुजण्याऐवजी सावकाश आकसत, कडक होत जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मागे पडत गेली. लेपन करणाऱ्यांना ते घातक होतं हे एक कारण, आणि दुसरं जास्त मजेशीर: सगळ्याच मृतदेहांत आर्सेनिक भरलेलं असेल, तर आर्सेनिक घालून केलेला खून सिद्ध कसा करायचा?

जखमेतली मूळ गोळी पूर्वीच काढून नेलेली होती. मागे राहिली होती ती तिच्या बुडाला बसवलेली तांब्याची छोटी वाटी, जिला 'गॅस चेक' म्हणतात. बंदूक उडताना मागून येणाऱ्या तापलेल्या वायूनं शिशाचं बूड वितळू नये म्हणून ती बसवतात. अशा वाट्या १९०५ च्या सुमाराला वापरात आल्या. म्हणजे मृत्यू त्याआधीचा नाही, आणि आर्सेनिक पाहता फार नंतरचाही नाही. एवढ्यावरून काळाची चौकट मिळाली, पण माणूस मिळाला नाही.

माणूस मिळाला तोंडात. जबडा उघडल्यावर आतून १९२४ सालचं एक सेंटचं नाणं निघालं आणि तिकिटांचे तुकडे निघाले. त्यातला एक पाइकवरच्याच साइड शोचा आणि दुसरा लॉस एंजेलिसमधल्या 'लुई सॉनीज म्युझियम ऑफ क्राइम'चा. कुणा प्रेक्षकानं गंमत म्हणून खुपसला असेल नाहीतर कुणा नोकरानं कचरा म्हणून. तुटलेल्या हाडामुळे पोलीस आले हे खरं, पण नुसत्या हाडावर हे प्रकरण 'अनोळखी पुरुष' एवढ्यावरच बंद झालं असतं. देहाची विटंबना करणाऱ्या कुठल्या तरी हातानं नकळत पत्ता लिहून ठेवला होता. लुई सॉनी तोवर वारला होता, पण त्याचा मुलगा डॅन हयात होता. त्यानं सांगितलं, हा एल्मर मॅकर्डी.

कोण होता

एल्मर मॅकर्डी १८८० साली मेन राज्यातल्या वॉशिंग्टन या गावात अविवाहित आईच्या पोटी जन्मला. मामा-मामीनं त्याला आपलं मूल म्हणून वाढवलं. मामा क्षयानं गेला, पुढे खरी आई कोण ते कळलं, मग दारू. नळकारागिरीचं काम शिकला, कॅन्ससकडे सरकला, शिशाच्या खाणीत राबला. १९०७ मध्ये सैन्यात भरती झाला आणि तिथे नायट्रोग्लिसरीन हाताळण्याची तोंडओळख झाली. तोंडओळख म्हणायचं ते पुढच्या कामगिरीवरून.

१९१० च्या नोव्हेंबरात सैन्यातून सुटका, आणि पुढच्या मार्चमध्ये ओक्लाहोमात लेनापाजवळ आगगाडीवर दरोडा. तिजोरीत ४,००० डॉलर असल्याची खबर होती. मॅकर्डीनं स्फोटक इतकं घातलं की नोटा जळून गेल्या आणि चांदीची नाणी वितळून तिजोरीच्या चौकटीला चिकटली. खरवडून मिळाली ती साडेचारशेच्या आसपास. सप्टेंबरमध्ये कॅन्ससमधली चटॉक्वा गावची बँक. इथे तिजोरीच्या कक्षाचं दार उडालं, बँकेच्या आतल्या सामानाची धूळधाण झाली, पण आतल्या तिजोरीला ओरखडा आला नाही. दुसरा बार पेटलाच नाही. बाहेर पडलेली दीडशेच्या आसपास डॉलरची नाणी उचलून मंडळी पळाली.

४ ऑक्टोबर १९११ रोजी शेवटचा डाव. ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या हक्काच्या पैशांचे ४,००,००० डॉलर घेऊन जाणारी गाडी ओकेसाजवळ अडवायची होती. यांनी अडवली भलतीच, साधी प्रवासी गाडी. हाती लागले ४६ डॉलर, व्हिस्कीचे दोन बुधले, एक पिस्तूल, एक कोट आणि गार्डचं घड्याळ. तीन दिवसांनी बार्टल्सव्हिलजवळच्या एका रँचवर गवताच्या कोठारात शोधपथकानं त्याला गाठलं. चकमक झाली, छातीत एक गोळी लागली आणि एकतिसाव्या वर्षी सगळं आटोपलं. साठ लाख डॉलरच्या नायकाच्या मालिकेला छेचाळीस डॉलरचा दरोडेखोर सापडावा, हा योगायोग पटकथेत लिहिला असता तर निर्मात्यानं खोडला असता.

हस्तांतरणं

मृतदेह पॉहस्का गावच्या जॉन्सन नावाच्या अंत्यसंस्कार व्यावसायिकाकडे गेला. त्यानं आर्सेनिक भरून देह टिकवला, कारण नातेवाईक येईपर्यंत थांबायचं होतं. कुणी आलं नाही. खर्च अंगावर पडला, आणि पैसे मिळाल्याशिवाय दफन करणार नाही असं ठरवून जॉन्सननं देहाला कपडे चढवले, हातात बंदूक दिली आणि पाच सेंटला एक याप्रमाणे दर्शन सुरू केलं. यातला विक्षिप्तपणा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, त्यातला व्यवहार वाटतो. थकलेलं बिल वसूल करण्यासाठी माल अडवून ठेवण्याची ही गोष्ट आहे. देह 'माल' झाला तो त्या दिवशी. बाकी सगळे फक्त पुढचे ग्राहक.

या टप्प्यावर मात्र नाव शाबूत होतं. लोक 'दरोडेखोर मॅकर्डी'च बघायला येत. १९१६ मध्ये दोन माणसं आली, आम्ही याचे कॅलिफोर्नियाचे भाऊ, म्हणाली. देह मिळाला. ते भाऊ नव्हते, ते फिरत्या कार्निव्हलवाले पॅटरसन बंधू होते. पहिली खोटी कागदपत्रं म्हणा, पहिली खोटी ओळख म्हणा, ती इथे चिकटली, आणि तीसुद्धा मृताला नव्हे तर त्याला नेणाऱ्यांना.

१९२२ मध्ये देह लुई सॉनीकडे आला. सॉनी आधी पोलीस होता. रॉय गार्डनर या फरारी गुन्हेगाराला पकडून त्यानं नाव कमावलं आणि त्याच नावावर कुप्रसिद्ध गुन्हेगारांच्या मेणपुतळ्यांचा फिरता खेळ काढला. त्यात एकच अस्सल होता. १९२८ मध्ये अमेरिका आरपार धावत जाण्याच्या शर्यतीबरोबर जो तमाशा गावोगाव फिरला, त्यातही मॅकर्डी होता. १९३३ मध्ये अमली पदार्थांवरच्या एका चित्रपटाच्या जाहिरातीसाठी थिएटरच्या आवारात तो उभा राहिला, आणि इथे त्याची ओळख पहिल्यांदा बदलली: व्यसनापायी दुकान लुटताना मेलेला गर्दुल्ला. कातडी आकसून काळपट, कडक झाली होती. नशेनं माणसाचं काय होतं याचा हा पुरावा, असं जाहिरात करणाऱ्यानं ठोकून दिलं. देहाची झीज हीच नव्या खोट्या गोष्टीची साक्ष झाली.

१९४९ मध्ये सॉनी वारला आणि देह लॉस एंजेलिसमधल्या गोदामात पडला. सांगणारा गेला की वस्तूची गोष्टही जाते. साठच्या दशकात तो एका निर्मात्यानं उसना नेला आणि १९६७ च्या एका चित्रपटात क्षणभर दिसलाही. म्हणजे पाइकवरचा कॅमेरा पहिला नव्हता. आधीच्या कॅमेऱ्यानं त्याला टिपलं आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कॅमेऱ्याला मेण आणि माणूस यांतला फरक कळत नाही. तो कळला वजन पेलणाऱ्या हाताला.

१९६८ मध्ये डॅन सॉनीनं मेणपुतळ्यांचा सगळा संच १०,००० डॉलरला विकला आणि त्यात हाही गेला. साखळीतली निर्णायक कडी मला हीच वाटते. घाऊक व्यवहारात एकेका नगाची चौकशी होत नाही. घेणारा होता हॉलिवूड वॅक्स म्युझियमचा संस्थापक स्पूनी सिंग, पंजाबात जन्मून कॅनडात वाढलेला उद्योजक. मेणाच्या संग्रहालयात मेणपुतळ्यांच्या संचाबरोबर आलेली वस्तू मेणाचीच असणार, असं कुणालाही वाटेल. पुतळे माउंट रशमोरजवळच्या एका प्रदर्शनाला गेले, तिथे वादळात मॅकर्डीच्या कानांचे शेंडे आणि बोटांची टोकं उडाली. परत आल्यावर सिंग यांना तो फारच किळसवाणा वाटला, आणि पुरेसा जिवंतही वाटेना. अख्ख्या संग्रहात एकटा जो खरा माणूस होता तो माणसासारखा दिसत नाही म्हणून नापास झाला! त्यांनी तो पाइकच्या भागीदारांपैकी एकाला विकला. तिथे गळ्यात फास आला, अंगावर चमकणारा रंग आला. तोवर नाव, मृत्यूचं कारण, मृत असल्याची खूण, सगळं एकेका व्यवहारात गळून गेलं होतं.

कुणी एकानं लपवाछपवी केली असं यात दिसत नाही. जॉन्सन आणि पॅटरसन यांना सगळं माहीत होतं, लुई सॉनीलाही. नंतरच्यांना क्रमाक्रमानं कमी माहीत होतं, आणि प्रत्येकाला जेवढं माहीत होतं तेवढंही पुढे सांगायची गरज पडली नाही. शेवटच्या मालकानं युनिटला फसवलं असं म्हणता येत नाही. त्याला विचारलं असतं तर त्यानं मनापासून सांगितलं असतं, पुतळा आहे.

उलटी वाट

डॅन सॉनीचं म्हणणं हाती आलं तरी कॉरोनरला एका माणसाच्या आठवणीवर मृताचं नाव लिहिता येत नाही. म्हणून न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ डॉ. क्लाइड स्नो यांना बोलावलं. पुढे अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीच्या बळींची ओळख पटवणारे आणि १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या सांगाड्यावरून योसेफ मेंगेले या नाझी डॉक्टरची ओळख पटवणाऱ्या पथकात असलेले तेच स्नो.

जॉन्सननं लेपनानंतर मॅकर्डीचे फोटो काढून घेतले होते. धंद्यासाठी काढले असतील, पण आता तेच कामी आले. कवटीची प्रतिमा त्या फोटोवर चढवून बघायची: कपाळ, भुवईचा उंचवटा, नाकाचं मूळ, हनुवटी एकमेकांवर बसतात का. फोटो ज्या कोनातून काढला त्याच कोनात कवटी आणावी लागते, अंतराचं प्रमाण जुळवावं लागतं. एक रेषा जुळणं पुरेसं नसतं, सगळ्या एकाच वेळी जुळाव्या लागतात. इथे जुळल्या. या तंत्रानं 'हा तो नाही' हे ठामपणे सांगता येतं, 'हाच तो' सांगायला मात्र सोबतीचा पुरावा लागतो. तो भरपूर होता. छातीतली गोळी, क्षय, उंची, अंगावरचे व्रण, १९११ च्या नोंदींशी सगळं पटत गेलं.

साखळी आता उलटी उलगडली: पाइक, सिंग, सॉनी, पॅटरसन, जॉन्सन, ओकेसाचा रेल्वेमार्ग. ज्या व्यवहारांनी नाव पुसलं, त्याच व्यवहारांच्या खुणांनी ते परत आणलं. प्रत्येकानं विकत घेताना कुठून घेतलं एवढं तरी लक्षात ठेवलं होतं, धंद्यात ते ठेवावंच लागतं.

युनिटबद्दल एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. हात तुटल्यावर तो चिकटवून, रंगाचा एक हात मारून काम पुढे रेटणं अगदी सोपं होतं. लोकेशनवरची वस्तू मोडली की भरपाईचा प्रश्न येतो, दिवसाचा खर्च डोक्यावर असतो, आणि सेटवर 'झाकून टाका, फ्रेममध्ये येत नाही' हे वाक्य रोज ऐकू येतं. पासष्ट वर्षांत या देहाचे तुकडे आधीही पडले होते. वादळात बोटं गेली तेव्हा कुणी आत डोकावून पाहिलं नव्हतं. फरक एवढाच की पाइकवर ज्याच्या हातात तो हात आला, त्याचा रोजचा धंदाच बनावट वस्तू बनवण्याचा आणि हाताळण्याचा होता. नकली हात आतून कसा दिसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे तसं नाही, हेही म्हणून लगेच कळलं.

ठरलेला भाग फेब्रुवारी १९७७ मध्ये प्रसारित झाला. मॅकर्डी तेव्हा अजून शवागारातच होता. अनेकांनी फुकट दफनाची तयारी दाखवली होती, पण कॉरोनर कार्यालयाला आधी नातेवाइकांची वाट पाहायची होती. या खेपेलाही कुणी आलं नाही. मग ओक्लाहोमातल्या इतिहासप्रेमींच्या एका मंडळानं नोगुचींकडे देह मागितला. भाऊ म्हणून देह नेण्याचा अनुभव जमेला असल्यामुळे असेल, या वेळी ओळखीची खातरजमा पुरती झाल्यावरच तो सोडला गेला.

२२ एप्रिल १९७७ रोजी ओक्लाहोमातल्या गथ्री गावच्या समिट व्ह्यू दफनभूमीत, घोडागाडीच्या मिरवणुकीनंतर, सुमारे ३०० लोकांच्या उपस्थितीत त्याला पुरलं. जागा मिळाली ती बिल डूलिन या नामचीन दरोडेखोराच्या शेजारी. कर्तृत्वाच्या हिशेबानं ती जरा जास्तच मानाची. शवपेटी खाली उतरवल्यावर वरून काँक्रीट ओतलं, पुन्हा कुणाला तो खेळासाठी उकरून नेता येऊ नये म्हणून. पाइक त्यानंतर दोन वर्षांनी, १९७९ मध्ये बंद पडलं.